चाकांवरची घरे, घाईची कारागिरी

नव्या कोऱ्या गाडीचा ताबा घ्यायला जाताना सोबत टॉर्च, शिडी आणि पानभर लांबीची यादी न्यावी, असा सल्ला सहसा कोणी देत नाही. अमेरिकेत ‘आरव्ही’ घेणाऱ्याला मात्र तो हमखास मिळतो. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. सोप्या मराठीत, चाकांवरचे घर. स्वयंपाकघर, शौचालय, बिछाने, पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर असे सगळे पोटात घेऊन रस्त्यावर धावणारे वाहन. छतावर चढून प्रत्येक सांधा बघा, नळ सोडून सिंकखाली हात फिरवा, कपाटांचे खण ओढून बघा, आणि पहिला मुक्काम विक्रेत्याच्या जवळपासच करा, म्हणजे दुरुस्तीला परत आणायला बरे पडेल, असे जुने मालक नव्यांना बजावतात. वीस-पंचवीस हजार डॉलरच्या साध्या ट्रेलरपासून काही लाख डॉलरच्या मोटर होमपर्यंत हा सल्ला सारखाच लागू पडतो. म्हणजे वस्तू नवी असली तरी ती धड असणार नाही, हे गिऱ्हाईकाने आधीच धरून चालायचे. नव्याचे नऊ दिवससुद्धा इथे निर्धास्त जात नाहीत.

या तक्रारींकडे आजवर ग्राहकाची कुरकुर म्हणूनच पाहिले गेले. गळके छत, निखळलेली बिजागरी, ढिला पाइप म्हणजे मनस्ताप आणि खर्च, बस्स. पण ज्या डब्यात माणसे झोपतात, स्वयंपाक करतात आणि रात्रभर खिडक्या लावून श्वास घेतात, त्याचा ढिला सांधा हा नुसता मनस्ताप राहत नाही. तो फुप्फुसापर्यंत पोहोचतो. चाकांवरच्या घरांची घसरलेली कारागिरी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तसा तो मान्य केल्याशिवाय सुटणारही नाही. हा उद्योग एकदा या धड्यातून गेलेला आहे; फक्त त्याने आणि सरकारनेही तो अर्धाच गिरवला.

रोजचा भूकंप

अमेरिकेतल्या आरव्हींपैकी ८० टक्क्यांहून अधिक एकट्या इंडियाना राज्यात तयार होतात, आणि त्यातल्या बहुतेक एल्कहार्ट काउंटी आणि तिच्या आसपास. या गावाला ‘जगाची आरव्ही राजधानी’ म्हणतात. नाममुद्रा डझनावारी दिसतात. पण थॉर इंडस्ट्रीज, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो या तीन समूहांकडेच बाजाराचा मोठा हिस्सा आहे. दुकानात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन ‘प्रतिस्पर्धी’ गाड्या पुष्कळदा एकाच घराण्यातल्या असतात.

या गाड्यांचे दोन मुख्य प्रकार. स्वतःचे इंजिन असलेली ती मोटर होम, आणि दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढायचा तो ट्रेलर. विक्रीत ट्रेलरचा वाटा फार मोठा. ट्रेलर ओढला जायचा म्हणजे तो हलका हवा. हलका करायचा म्हणजे भिंतीचा सांगाडा दीड इंची लाकडी पट्ट्यांचा किंवा ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचा, त्यात फोम, आणि आतून-बाहेरून पातळ प्लायवुडचे किंवा फायबरग्लासचे पत्रे गोंदाने दाबून बसवलेले. छतावर पातळ फळ्या आणि त्यावर चिकटवलेला रबरी पडदा. कपाटे, पलंगाखालचे खोके, टेबल हे बहुतेक पार्टिकल बोर्डचे, वर लाकडाच्या रेषांचा छापील कागद.

यात मुळात वाईट काही नाही. विमानही हलक्याच वस्तूंनी बनते. पण हलक्या वस्तूची सगळी ताकद तिच्या सांध्यात असते, आणि सांधा ही निव्वळ कारागिरीची गोष्ट आहे. जमिनीवरच्या घराला आयुष्यात एखादा भूकंप सोसावा लागला तर लागतो. चाकांवरचे घर महामार्गावर निघाले की तासन्‌तास थरथरत असते. खड्ड्यागणिक सांगाडा किंचित पिळवटतो, पुन्हा जागेवर येतो. स्क्रूऐवजी हवेच्या बंदुकीने ठोकलेली पिन या पिळवटण्याने हळूहळू सैल होते. छतातून बाहेर काढलेल्या प्रत्येक नळीभोवती, पंख्याच्या झरोक्याभोवती, आकाशखिडकीभोवती सीलंटचा लेप असतो. तो एका जागी बोटभर कमी पडला, किंवा खालचा पृष्ठभाग न पुसता धुळीवरच ओढला गेला, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच त्याला चीर जाते. भिंतीचा एक भाग बटण दाबताच बाहेर सरकून खोली मोठी करण्याची सोय आता बहुतेक गाड्यांत असते. दिसायला ती झकास. पण तिच्यासाठी भिंतीला मोठे भोक पाडावे लागते आणि त्याच्या चारही कडांवर पाणी अडवायची जबाबदारी रबराच्या पट्टीवर येते.

पाणी आत शिरते ते दिसत नाही. भिंतीच्या दोन पत्र्यांमधल्या लाकडात ते मुरते. बाहेरच्या फायबरग्लासवर फुगवटा येतो तेव्हा आतला गोंद केव्हाच सुटलेला असतो. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सांगते. घरातील ओल आणि बुरशी यांचा खोकला, घरघर आणि आधीपासून असलेला दमा बळावण्याशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असा निर्वाळा अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ओल रोखणे हाच मुख्य उपाय सांगितला. इमारतीत ओल आली तर निदान माणूस दुसऱ्या खोलीत झोपतो. आरव्हीत दुसरी खोली नसते.

डबा लहान, चूक मोठी

चाकांवरच्या घराचे आरोग्यशास्त्र एका साध्या गणितावर उभे आहे. ८ फूट रुंद, २८ फूट लांब आणि आतून साडेसहा फूट उंच ट्रेलर घेतला तर त्यात हवा मावते सुमारे दीड हजार घनफूट. दीड हजार चौरस फुटांच्या, आठ फूट उंचीच्या साध्या घरात ती १२ हजार घनफूट असते, म्हणजे आठपट. उलट दर घनफूट हवेमागे प्लायवुड, बोर्ड, गोंद आणि फोम यांचा पृष्ठभाग मात्र ट्रेलरमध्ये कितीतरी जास्त. वस्तूंतून निघणारा वायू तेवढाच असला तरी तो विरायला हवाच कमी.

हेच ज्वलनाच्या बाबतीत. शेगडी, पाणी तापवायचा बंब, हीटर, बऱ्याचदा फ्रिजसुद्धा प्रोपेन वायूवर चालतो. प्रोपेन हवेपेक्षा जड. तो गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून त्याचा सूचक फरशीजवळ बसवतात. ज्वलन अपुरे झाले किंवा जनरेटरचा धूर आत आला तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड झाल्यासारखे वाटते, झोप येते, आणि काही वेळा ती झोप शेवटची ठरते. कारखान्यात नळीचा एक जोड नीट आवळला गेला की नाही, एक्झॉस्टच्या जागेचे भोक बुजवले की नाही, यावर इतके सगळे अवलंबून असते. २००६ मध्ये आरव्हीत बसवल्या जाणाऱ्या एका प्रकारचे नऊ लाखांवर फ्रिज परत बोलवावे लागले. कारण त्यांच्या नळीला तडा जाऊन आग लागण्याचा धोका होता. दोष एका नळीत, पण तो झोपलेल्या माणसापासून हातभर अंतरावर.

कॅटरिनाने उघडे पाडलेले

या गणिताचा सर्वांत मोठा आणि सर्वांत क्रूर प्रयोग ऑगस्ट २००५ नंतर झाला. कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स आणि मेक्सिकोच्या आखाताचा किनारा उद्ध्वस्त केला. बेघर झालेल्यांसाठी फेमा या केंद्रीय आपत्ती निवारण संस्थेने सुमारे १ लाख ४५ हजार ट्रेलर आणि फिरती घरे घेतली. खर्च झाला सुमारे २ अब्ज ७० कोटी डॉलर. एवढी घरे काही महिन्यांत हवी होती. कारखान्यांनी ती दिली.

काही महिन्यांतच रहिवाशांचे डोळे चुरचुरू लागले. मुलांच्या नाकातून रक्त येऊ लागले, खोकला थांबेना. कारण होते फॉर्माल्डिहाइड. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांतले लाकडाचे पदर किंवा भुसा युरिया-फॉर्माल्डिहाइड नावाच्या स्वस्त गोंदाने जोडतात. हा गोंद पाण्याला आणि उष्णतेला कच्चा. दमट हवेत त्याचे रासायनिक बंध तुटतात आणि फॉर्माल्डिहाइड वायू मोकळा होतो; ऊन चढले की आणखी वेगाने. लुइझियाना आणि मिसिसिपीचा दमट उन्हाळा, पत्र्याचा बंद डबा, आत नवे कोरे बोर्ड. यापेक्षा वाईट जुळणी शोधून सापडली नसती. त्याआधी एकच वर्ष, २००४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवात निश्चित कर्करोगकारक ठरवले होते.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. जुलै २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे फेमाचे अंतर्गत ईमेल आले. रहिवासी राहत असलेल्या ट्रेलरची तपासणी करू नये, असा सल्ला संस्थेच्या वकिलांनी दिल्याचे त्यांतून दिसले. कारण सरळ होते: एकदा आकडा हाती आला की काहीतरी करणे भाग पडणार. मोजायचेच नाही, म्हणजे दोषही नाही. अखेर सीडीसी या आरोग्य संस्थेने डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये ५१९ ट्रेलर आणि फिरत्या घरांतली हवा तपासली. सरासरी निघाली हवेच्या एक अब्ज भागांत ७७ भाग. साध्या घरांत ती १० ते २० च्या आसपास असते. काही ठिकाणी आकडा ५९० पर्यंत गेला होता. आणि हे मोजमाप हिवाळ्यातले. उन्हाळ्याआधी लोकांना हलवा, असे सीडीसीने सांगितले. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने चार ट्रेलर बारकाईने तपासले तेव्हा दुपारी तापमान चढताच वायूचे उत्सर्जनही वाढताना दिसले.

निर्मात्यांविरुद्धचा सामूहिक दावा २०१२ मध्ये ४ कोटी २६ लाख डॉलरवर मिटला. रहिवासी होते सुमारे ५५ हजार. दरडोई हिशेब केला, तर वकिलांचा वाटा वजा करण्याआधीच रक्कम आठशे डॉलरच्याही खाली येते. दरम्यान, ‘राहण्यासाठी वापरू नये’ असा कागद चिकटवून सरकारने हे ट्रेलर लिलावात काढले. २०१० मध्ये आखातात तेलगळती झाली, तेव्हा सफाईला आलेले कामगार त्यांतल्या काहींत राहताना आढळले. कागद फाडायला कितीसा वेळ लागतो?

नियम आला तेवढेच सुधारले

या सगळ्यातून एक चांगली गोष्ट निघाली. जुलै २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी लाकडी बोर्डांतल्या फॉर्माल्डिहाइडवर मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. कॅलिफोर्नियाने तसेच नियम आधीच आणले होते. आता देशभर हार्डवुड प्लायवुडसाठी दहा लाखांत ०.०५ भाग, पार्टिकल बोर्डसाठी ०.०९, एमडीएफसाठी ०.११ अशा उत्सर्जनाच्या मर्यादा ठरल्या. त्रयस्थ प्रयोगशाळेकडून चाचणी आणि मालावर शिक्का सक्तीचा झाला. या कायद्यातली एक ओळ फार महत्त्वाची आहे. नव्या वाहनांच्या आत वापरलेल्या बोर्डांना त्यातून सूट आहे. पण ती देताना ‘आरव्ही वगळून’ असे स्पष्ट लिहिले आहे. चाकांवरचे घर हे घर आहे, हे निदान हवेच्या बाबतीत कायद्याने मान्य केले. ईपीएचे नियम यायला २०१६ उजाडले आणि अंमल २०१८ मध्ये सुरू झाला, तरी तो झाला. कमी वायू सोडणारे बोर्ड परवडणार नाहीत, हा जुना युक्तिवाद आज कोणी करत नाही. ते बोर्ड सर्रास मिळतात आणि उद्योगही बुडाला नाही.

मग बाकीचे काय? मर्यादा आहे ती बोर्डावर, बोर्ड जोडून बनवलेल्या घरावर नाही. तयार आरव्हीच्या आतली हवा मोजावी, तिच्यावर पाण्याचा फवारा मारून बघावा, असे कोणताही केंद्रीय कायदा सांगत नाही. जमिनीवर ठेवायच्या कारखान्यातल्या घरांना १९७६ पासून केंद्रीय गृहनिर्माण खात्याची बांधकाम संहिता लागू आहे. आरव्ही त्यातून वगळलेली आहे. कारण? ती तात्पुरत्या वास्तव्यासाठीची करमणुकीची वस्तू. वाहन सुरक्षा खाते टायर, दिवे, वजन आणि सुरक्षेला धोका असलेल्या दोषांकडे बघते. गळक्या छताकडे नाही. आग, गॅस आणि नळजोडणी यांसाठी एनएफपीए ११९२ हे मानक आहे. त्याची तपासणी मुख्यतः उद्योगाचीच संघटना आपल्या सभासदांच्या कारखान्यांत करते. या मानकामुळेच आज प्रत्येक आरव्हीत धूर, प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइडचे सूचक असतात, हेही नोंदवायला हवे. पण ओल, बुरशी, सुटलेला गोंद या गोष्टी त्याच्या कक्षेत जवळपास येतच नाहीत. सदोष वाहन परत घ्यायला लावणारे कायदे राज्याराज्यांत आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मोटर होमचा राहण्याचा भाग वगळलेला आहे, आणि इंजिन नसलेल्या ट्रेलरला तर अनेक राज्यांत हे संरक्षणच नाही. घराचे नियम म्हणतात हे वाहन, वाहनाचे नियम म्हणतात हे घर. दोन्हींच्या मधल्या फटीतून पाणी आत येते.

हात कुशल, वेळ अपुरी

या दोषांचे खापर कामगारांवर फोडणे सोपे आहे आणि चुकीचेही. एल्कहार्टच्या परिसरात अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या आमिश वस्त्यांपैकी एक आहे. आमिश सुतारांचे फर्निचर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ही त्यांची ख्याती. याच समाजातले अनेक जण आरव्हीच्या कारखान्यांत काम करतात. तेच हात एका जागी तीन पिढ्यांचे टेबल बनवतात आणि दुसऱ्या जागी तीन वर्षांत खिळखिळे होणारे कपाट. फरक हातांत नाही.

फरक घड्याळात आहे. इथल्या बहुतेक कारखान्यांत मजुरी नगावर ठरते. पहाटे काम सुरू होते, दिवसाचा ठरलेला आकडा पुरा झाला की सुट्टी. गट जितका चपळ तितकी ताशी कमाई जास्त. यात कमाई चांगली होते, म्हणून कामगारांनाही पद्धत आवडते. पण सीलंट ओढण्याआधी पृष्ठभाग पुसायला लागणारी दोन मिनिटे या हिशेबात कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. तपासनीसाने गाडी थांबवली तर सगळ्या गटाची घरी जायची वेळ लांबते. अशा ठिकाणी दोष दाखवणारा माणूस कोणाला प्रिय होणार? हीच घाई कामगारांच्याही अंगाशी येते.

भर म्हणून या धंद्याचे चक्र. पेट्रोल महागले, व्याज वाढले की सर्वांत आधी आरव्हीची विक्री कोसळते. २००९ च्या मंदीत एल्कहार्टमधली बेरोजगारी २० टक्क्यांच्या घरात गेली होती. कोविडकाळात उलटे झाले. हॉटेल आणि विमान टाळणारे लोक आरव्हीकडे धावले. २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाख २४० गाड्या बाहेर पडल्या. हा आजवरचा उच्चांक. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, संख्या ३ लाख १३ हजारांवर आली. तेजीत माणसे मिळेनात म्हणून नवशिके थेट रांगेवर उभे राहिले आणि सुट्या भागांचा तुटवडा असताना जे मिळेल ते बसवले गेले. मंदी येताच त्याच माणसांना घरी पाठवले गेले. कौशल्य मुरायला सलग वर्षे लागतात. ज्या उद्योगात तीन वर्षेही सलग जात नाहीत, तिथे ते मुरणार कधी? उद्योगाने २०१८ मध्ये एल्कहार्टला तंत्रज्ञ घडवणारी प्रशिक्षण संस्था काढली, हे स्वागतार्हच. पण तिचा भर दुरुस्ती करणाऱ्यांवर आहे. जखम टाळण्यापेक्षा मलमपट्टीचे शिक्षण आधी आले.

उद्योगाची बाजू

निर्मात्यांचे म्हणणे ऐकायला हवे. गिऱ्हाइकाला स्वस्त, हलके आणि चकचकीत हवे असते. जाड सांगाड्याची जड गाडी दुप्पट किमतीला कोण घेईल? छताचे सांधे वर्षातून दोनदा तपासा, असे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि बहुतेक मालक ते वाचतही नाहीत. शिवाय ही वस्तू वर्षातले दोन-तीन आठवडे वापरायची. यातले पहिले दोन मुद्दे बऱ्याच अंशी खरे आहेत. पण स्वस्त आणि निष्काळजी हे दोन वेगळे शब्द आहेत. पातळ फळी ही किमतीची निवड असू शकते. कोरडा राहिलेला सांधा ही कोणाचीच निवड नसते. गिऱ्हाइकाने तर ती नक्कीच केलेली नसते.

तिसरा मुद्दा मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. निवृत्तीनंतर घर विकून आरव्हीत राहणारी जोडपी, हंगामी कामामागे गावोगाव फिरणारे ज्येष्ठ नागरिक, घरभाडे परवडत नाही म्हणून ट्रेलरमध्ये संसार करणारी कुटुंबे, वादळ आणि वणव्यांनंतरचे विस्थापित हे सगळे बारा महिने त्यांत राहतात. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये आले आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा जगाने ही माणसे पाहिली. त्यांना दमा असतो, हृदयविकार असतो, लहान मुले असतात. लेबलावर ‘करमणूक’ लिहिल्याने त्यांची फुप्फुसे सुट्टीवर जात नाहीत.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. ट्रेलरची सगळी दारे-खिडक्या लावून आत पंख्याने हवेचा दाब वाढवायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी मारायचे. बुडबुडे आले तिथे गळती. पंक्चर शोधण्याचीच ही पद्धत आणि काही निर्माते व दुरुस्ती केंद्रे ती आजही वापरतात. ती प्रत्येक गाडीला सक्तीची करावी आणि निकालाचा कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. दर तुकडीतल्या एका तयार गाडीतली हवा उन्हाळ्याच्या तापमानाला मोजावी. हमी-दुरुस्तीत कोणत्या कारखान्यातल्या किती गाड्या कशासाठी परत आल्या, याची आकडेवारी जाहीर व्हावी. मोटारींच्या बाबतीत अशी तुलना गिऱ्हाईक सहज करू शकते. नगावरच्या मजुरीत पहिल्या फटक्यात निर्दोष निघालेल्या गाडीला वेगळी बक्षिशी ठेवावी. आणि सदोष वाहनांचे कायदे राहण्याच्या भागालाही लागू करावेत. फॉर्माल्डिहाइडचा अनुभव सांगतो की मोजले ते सुधारले. न मोजलेले होते तिथेच राहिले.

तोवर काळजी वापरणाऱ्यालाच घ्यावी लागेल. अमेरिकेत यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनच्या सहलीला आरव्ही भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्याही कमी नाही. ताब्यात घेताना तिन्ही सूचकांचे बटण दाबून आवाज येतो का आणि त्यांची मुदत संपली नाही ना, हे पाहावे. आत शिरताच कोंदट वास आला, फरशी पायाखाली दबली, छताच्या कोपऱ्यात पिवळट डाग दिसले तर दुसरी गाडी मागावी. नव्या गाडीत झोपण्याआधी सगळ्या खिडक्या उघडून भरपूर हवा खेळू द्यावी. उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत लहान मुलांना लगेच झोपवू नये. डोळे चुरचुरत असतील तर दोष प्रवासाच्या शिणाला देण्याआधी हवेला द्यावा.

महाराष्ट्रालाही हा विषय परका राहिलेला नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोटर कॅराव्हॅनसाठी भारतात वाहन म्हणून स्वतंत्र मानक आहे आणि वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. ब्रेक, दिवे, वजन यांची तपासणी होईल, व्हायलाच हवी. पण कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि विदर्भातले मे महिन्याचे ऊन यांत या गाड्यांच्या सांध्यांचे आणि आतल्या हवेचे काय होते, हे कोण तपासणार? संख्या थोडी आहे तोवरच तयार गाडीची गळती-चाचणी आणि हवेची चाचणी नियमात घालणे सोपे आहे. एकदा कारखाने उभे राहिले, रोजगार त्यांवर अवलंबून राहिले की प्रत्येक नियम अन्याय वाटू लागतो. एल्कहार्टचा इतिहास हेच सांगतो.

चांगल्या सुताराची खूण ही की तो कपाटाची पाठही रंधून घेतो; ती भिंतीला लागणार आणि कोणाला दिसणार नाही, हे माहीत असूनही. चाकांवरच्या घरात दिसणारे सगळे आज चकचकीत असते: दिवे, टीव्ही, खोटी शेकोटी, संगमरवरी नक्षीचा ओटा. न दिसणाऱ्या बाजूला कोणी हात लावला की नाही, हे पहिल्या पावसात कळते. गिऱ्हाइकाला ते त्याआधी, कारखान्याच्या दारातच कळले पाहिजे.